मैत्रिणीबरोबर मिनेसोटा स्टेट फेअर: दिवसाची सुरुवात गोठ्यातून करा

ऑगस्टचा शेवट जवळ आला की इकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा फेअरला कधी जायचं? आणि मग शनिवारी, सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला, आठ-दहा जणांचा घोळका निघतो. तासभर गाडीला जागा शोधायची, काहीतरी तळलेलं खायचं, पाळण्यात बसायचं आणि उन्हाने हैराण होऊन चारला घरी परतायचं. पहिली तीन वर्षं मीही तेच केलं.

मग माझी शाळेतली मैत्रीण संगमनेरहून महिनाभर माझ्याकडे राहायला आली. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे दुधाचा धंदा. तिच्यामुळे मी ही जत्रा पहिल्यांदा नीट पाहिली. वर्षभर जनावरं सांभाळणारी, पिकवणारी माणसं आपलं काम आणून दाखवतात, त्यांची ही जत्रा आहे. खाणं आणि पाळणे नंतर आले. म्हणून पुढे सांगितलेला दिवस गोठ्यापासून सुरू होतो. तुमची मैत्रीण शेतातली नसली तरी हाच क्रम ठेवा. आणि शक्यतो दोघीच जा. घोळक्यात कुणाला तरी भूक लागते, कुणाचा तरी फोन येतो आणि वासराच्या जन्मापाशी अर्धा तास थांबणं काही जमत नाही.

थोडी ओळख

मिनेसोटा राज्य झालं १८५८ मध्ये आणि पहिली राज्य जत्रा भरली लगेच १८५९ मध्ये. १८८५ पासून ती सेंट पॉल आणि मिनियापोलिस या जुळ्या शहरांच्या मधे, आजच्या फाल्कन हाइट्समध्ये एकाच जागी भरते. सुमारे ३२० एकरांचं आवार आहे. जत्रा बारा दिवस चालते आणि लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपते. २०१९ मध्ये त्या बारा दिवसांत २१ लाखांवर लोक येऊन गेले.

इतक्या वर्षांत ती मोजक्याच वेळा भरली नाही. १९४६ मध्ये पोलिओच्या साथीमुळे, २०२० मध्ये कोविडमुळे. १८९३ मध्येही नाही, कारण त्या वर्षी शिकागोला जागतिक प्रदर्शन होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. हे मैत्रिणीला सांगितल्यावर तिला ही परकी जत्रा एकदम ओळखीची वाटू लागली.

दिवस कोणता निवडायचा

सोमवार ते गुरुवार यांतला एखादा. शनिवार-रविवारी आणि लेबर डेच्या सुट्टीत रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. फोर-एच या मुलामुलींच्या संघटनेची मुलं आपापली जनावरं घेऊन साधारण पहिल्या चार दिवसांत, गुरुवार ते रविवार येतात. मुलांना भेटायचं असेल तर पहिला गुरुवार सर्वांत चांगला. मोठ्या शेतकऱ्यांची जनावरं नंतरही असतात. कोणत्या दिवशी कोणत्या जातीचं परीक्षण आहे याचं वेळापत्रक जत्रेच्या संकेतस्थळावर आधीच येतं. आदल्या रात्री दोघींनी बसून त्यातल्या दोनच गोष्टी ठरवा. पाच ठरवल्या तर दिवस पळापळीत जातो.

तिकीट माणशी वीस डॉलरच्या आसपास धरा. जत्रा सुरू होण्याआधी घेतलं तर स्वस्त पडतं. कूपनांचं एक पुस्तकही मिळतं, ब्लू रिबन बार्गेन बुक. दोघींत एक पुरतं.

काही वर्षी गणपती आणि फेअर एकाच आठवड्यात येतात. तसं असेल तर फेअर आधी उरकून घ्या, कारण गणपती बसले की घरातून पाय निघत नाही.

जायचं कसं

गाडी जत्रेच्या दारापर्यंत नेऊ नका. शहरभर ठिकठिकाणी गाड्या लावायची सोय असते आणि तिथून बस सुटतात. आजूबाजूचे रहिवासी आपल्या अंगणात पैसे घेऊन गाडी लावू देतात, पण तिथून बाहेर पडताना संध्याकाळी तास मोडतो. मला सोयीची वाटते ती ए लाइन बस. ती स्नेलिंग रस्त्याने धावते आणि कोमो ॲव्हेन्यूच्या थांब्यावर उतरलं की जत्रा समोरच. मैत्रीण विमानतळावरून थेट येणार असेल तर ब्लू लाइन रेल्वेने ४६व्या स्ट्रीटच्या स्थानकावर यायचं आणि तिथे ए लाइन पकडायची.

फाटकं सकाळी ७ ला उघडतात, प्रदर्शनाच्या इमारती ९ ला. वेळा त्या वर्षीच्या एकदा बघून घ्या. या मधल्या दोन तासांसाठीच लवकर जायचं.

पिशवीत काय घ्यायचं

बाहेरचं खाणं आणि पाणी आत नेता येतं, ही या जत्रेची फार चांगली गोष्ट आहे. काचेची बाटली नको. प्रवेशाशी पिशव्या तपासतात, म्हणून सुरी नको आणि लिंबू घरीच चिरून डबीत भरा. लिंबू कशाला ते पुढे येईलच. सोबत तिखट-मिठाची छोटी डबी, टोपी, पातळ रेनकोट, ओले रुमाल आणि पायाला फोड आला तर लावायला पट्टी. बूट बंद हवेत. चपला घालून गोठ्यात जाऊ नका, खाली ओल असते आणि दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते. आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर चाकाची खुर्ची आवारात भाड्याने मिळते.

सात ते नऊ: गोठा

आत शिरल्यावर नकाशा काढा आणि जडसन ॲव्हेन्यू शोधा. गाईंचा गोठा, वासरं जन्मतात ते केंद्र, दुधाचं दुकान आणि लोण्याचे पुतळे असतात ती डेअरी बिल्डिंग, सगळं या रस्त्याच्या काठाने आहे.

सकाळी गोठ्यात गेलात की पहिल्यांदा आवाज येतो तो पाण्याच्या नळ्यांचा. मुलं गाई धूत असतात. बारा-चौदा वर्षांची पोरं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून खरारा करतात, शेपटीचा गोंडा धुऊन विंचरतात, यंत्राने अंगावरचे केस कापतात. काही पोरं गाईच्या पोटाला टेकून झोपलेलीही दिसतात. गाई ओळीने बांधलेल्या, खाली भुसा आणि पेंढा, वर पाटीवर गाईचं नाव आणि जन्मतारीख. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन, म्हणजे आपल्याकडच्या एचएफ. लहानखुऱ्या जर्सी. करड्या ब्राउन स्विस. गर्न्सी आणि आयरशायर आपल्याकडे फारशा दिसत नाहीत, त्या मुद्दाम शोधा.

मुलांशी बोला. ही पायरी वगळू नका. त्यांना प्रश्न आवडतात, आणि गाईला हात लावायचा असेल तर आधी विचारलेलं त्यांना फार बरं वाटतं. माझ्या मैत्रिणीचं इंग्रजी बेताचंच, पण तिने एका होल्स्टिनच्या कासेकडे बोट दाखवून "मिल्क? हाउ मच?" एवढं विचारलं आणि ती मुलगी खुलली. म्हणाली, दिवसाला ९० पौंड. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली, कारण पौंडात दूध मोजतात हे तिला ठाऊक नव्हतं. इथे शेतकरी दूध वजनावर मोजतात. पौंडांना सव्वादोनने भागलं की साधारण लिटर निघतात. म्हणजे ४० लिटर. मैत्रिणीच्या घरची सर्वांत चांगली गाय २२ देते. ती काही बोलली नाही. गाईच्या मागे जाऊन उभी राहिली, कास कशी बांधलेली आहे, सडं कशी आहेत, मागचे पाय कसे पडतात ते बघत राहिली. मग विचारलं, "खायला काय घालता?" मुलीने सांगितलं: मक्याचा मूरघास (हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा), लसूणघास, धान्याचा भरडा आणि खनिजं. मुलगी मूरघासाला सायलेज म्हणत होती, मैत्रीण मूरघास म्हणत होती, पण दोघींना एकमेकींचं कळत होतं. मी मधे फक्त आकडे सांगत होते.

परीक्षण बघायचं असेल तर कोलिसियम या मोठ्या बंदिस्त रिंगणात किंवा वेळापत्रकात दिलेल्या रिंगणाशी जा. पांढरे कपडे घातलेली मुलं दावं हातात धरून गाईला हळूहळू गोल फिरवतात. परीक्षक कास, पाय, पाठ, बांधा बघतो आणि शेवटी माइकवर सांगतो की या गाईला त्या गाईच्या वर का ठेवलं. ती कारणं लक्ष देऊन ऐका. दोन-तीन वेळा ऐकली की गाय बघायची कशी हे तुम्हाला थोडंफार कळू लागतं. निळी फीत म्हणजे पहिला क्रमांक, लाल दुसरा, पांढरी तिसरा. बैलगाडीच्या शर्यतीला लाल गुलालाची सवय असलेल्या आपल्याला निळं पहिलं हे थोडं वेगळं वाटतं.

डुकरं, मेंढ्या, घोडे, कोंबड्या यांच्या वेगळ्या इमारती आहेत. डुकरांच्या इमारतीत त्या वर्षीचा सर्वांत वजनदार वराह ठेवतात, तो बघून या. साथीच्या वर्षी काही जनावरं येत नाहीत. २०१५ मध्ये बर्ड फ्लूमुळे कोंबड्या आणल्या नव्हत्या. मुलांनी वाढवलेली पुष्कळ जनावरं मांसासाठी विकली जाणार असतात. लहान मूल बरोबर असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा. तिथे कुणी लपवत नाही.

गोठ्यातून निघताना साबणाने हात धुवा. ओल्या रुमालावर भागवू नका. दाराशीच हात धुवायची सोय असते.

वासराचा जन्म

मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर नावाच्या इमारतीत गाई, मेंढ्या, शेळ्या आणि डुकरिणी व्यायला आणून ठेवतात. पशुवैद्य आणि शेतीचं शिक्षण घेणारी मुलं देखरेखीला असतात. नऊनंतर इथे गर्दी वाढत जाते, म्हणून गोठ्यातून थेट इथे या.

लोक आत येतात, एक चक्कर मारतात आणि काही होत नाही म्हणून निघून जातात. कुठल्या गाईपाशी थांबायचं हे मैत्रिणीने मला शिकवलं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत का ते बघायचं. कास तट्ट भरलेली आणि सडं चकाकणारी हवीत. गाय सारखी बसते-उठते, मागे वळून पोटाकडे बघते, शेपूट एका बाजूला धरते. अशी दिसली की कठड्याशी जागा धरा आणि हलू नका. आम्ही पाऊण तास थांबलो. पाणमोट फुटली, मग पुढचे दोन पाय दिसले आणि त्यांवर टेकलेलं नाक. "सरळ आहे," मैत्रीण पुटपुटली आणि तिने माझा हात घट्ट धरला. आडवं असतं तर तिचा चेहरा वेगळा दिसला असता. आजूबाजूला शे-दीडशे माणसं होती आणि एकही आवाज नव्हता. वासरू खाली पडलं, गाय उठून चाटायला लागली आणि मग टाळ्या. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती वाट बघत होती ते वासरू उठून सडाला तोंड लावतं का याची, कारण पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला पाहिजे. निघताना म्हणाली, "एवढ्या गाईचा खरवस केवढा होईल गं!"

लोण्याचे पुतळे

इथून डेअरी बिल्डिंग जवळ. काचेच्या गोल फिरणाऱ्या शीतपेटीत एक मुलगी जाड कोट घालून बसलेली असते आणि तिच्यासमोर शिल्पकार लोण्यात तिचा चेहरा कोरत असतो. बाहेर तिशीच्या वर तापमान आणि आत ४ अंश सेल्सियस. दूध-उत्पादकांच्या घरच्या मुलींतून दरवर्षी प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे निवडतात. तिचा आणि अंतिम फेरीतल्या बाकीच्या मुलींचा एकेक पुतळा कोरला जातो, प्रत्येकीला ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोंचा लोण्याचा ठोकळा. लिंडा क्रिस्टेन्सन या शिल्पकार बाईंनी १९७२ पासून २०२१ पर्यंत हे काम केलं. पुतळा शेवटी ती मुलगी घरी नेते आणि पुष्कळदा ते लोणी गावजेवणात कणसांना लावून संपतं. शक्य असेल तर दिवसातून दोनदा इथे या, सकाळी आणि दुपारी. सकाळी ठोकळ्यात नुसतं कपाळ दिसतं. दुपारी परत जावं तर डोळे तुमच्याकडे बघत असतात.

खाणं: एक पदार्थ, दोघींत अर्धा-अर्धा

हा नियम पाळला तर सहा-सात गोष्टी चाखून होतात. माझी मैत्रीण माळकरी, त्यामुळे शाकाहाराचं आम्ही नीट विचारून घेतलं आणि ते इथे सांगते.

भाजलेलं कणीस पहिलं. पानांसकट भाजतात, पानं मागे सोलून तीच मूठ करतात आणि वितळलेल्या लोण्यात बुडवून हातात देतात. मका गोड असतो. आता ती लिंबाची डबी काढा, फोडीवर तिखट-मीठ घ्या आणि कणसावरून फिरवा. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी आमच्याकडे पाहून विचारलं, हे काय, आणि मग त्यांनाही एक फोड दिली.

पोटभर दूध मिळणारं दुकान दुसरं. एकदा पैसे दिले की थंड दूध, साधं किंवा चॉकलेटचं, हवं तेवढं पुन्हा भरून घ्या. चीज कर्ड्स म्हणजे ताज्या चीजचे तुकडे पिठात बुडवून तळलेले. त्याच तेलात मांसाहारी काही तळतात का, आणि कडक पाळत असाल तर चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते) आहे का, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या दुकानात जा, तिथे पर्याय पुष्कळ आहेत. काडीवरचा प्रोंटो पप म्हणजे सॉसेज, तो आपल्याला नाही. कुकीज आणि मिनी डोनटमध्ये अंडं असतं. मधाचं आइसक्रीम शेती-बागायतीच्या इमारतीत मिळतं, ते चुकवू नका.

बियांची चित्रं आणि लोणच्यांच्या बरण्या

उन्हं चढली की शेती-बागायतीच्या इमारतीत शिरा. इथे क्रॉप आर्ट असतं. मिनेसोटात पिकणाऱ्या धान्यांच्या, फुलांच्या, भाज्यांच्या बियांनी केलेली चित्रं. मोहरी, जवस, मका, घेवडा, राळ्यासारखे बारीक दाणे, एकेक दाणा गोंदाने चिकटवलेला. आपल्याकडची धान्याची रांगोळी एका दिवसाची, हे महिनोन्‌महिने चाललेलं काम. जवळ जा, नाक काचेला लागेल इतकं जवळ. मग एका बाजूचा उजेड आणि दुसऱ्या बाजूची सावली ही जवसाच्या दोन जातींतल्या फरकाने साधली आहे हे दिसतं. प्रत्येक चित्राशी कुठल्या बिया वापरल्या ते लिहिलेलं असतं. याच इमारतीत सफरचंदं मांडलेली असतात. हनीक्रिस्प ही जात इथल्याच मिनेसोटा विद्यापीठाने तयार केली आणि १९९१ मध्ये बाजारात आणली.

तिथून क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटीज इमारत. गोधड्या, विणकाम, मुरांबे, पाव आणि लोणच्यांच्या बरण्या, प्रत्येकीवर फीत. काकडीचे तुकडे बरणीत इतके नेटके उभे रचलेले की मैत्रीण बराच वेळ तिथेच. "कैरीच्या फोडी अशा रचता येतील का?" तिने विचारलं. भाग घ्यायला मिनेसोटात राहणं पुरतं, आणि नाव-नोंदणी जत्रेच्या बरीच आधी बंद होते. आपल्यातल्या कुणीतरी लोणच्याची बरणी तिथे ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्यांचे नियम मात्र नीट वाचावे लागतील, कारण बरण्या शास्त्रशुद्ध पद्धतीने उकळून बंद केलेल्या लागतात.

दुपारी दोन ते सात

दोनला मिरवणूक निघते, शाळांचे बँड आणि ताशा-ढोलांसारखे मोठे ड्रम. रस्त्याच्या सावलीकडच्या बाजूला पंधरा मिनिटं आधी बसा. त्यानंतर पाऊण तास कुठेतरी थंडगार बसून विसावा घ्या.

पाळण्यांत एकच करा असं मी म्हणेन: ओल्ड मिल. १९१५ पासूनची आहे, लाकडी होडीत बसून काळोख्या बोगद्यातून पाण्यावरून जायचं. वेग नाही, झटके नाहीत, पाणी वाहतं त्याचा आवाज. आम्ही दोघी त्या अंधारात चौथीतल्या बाईंबद्दल बोलत होतो. वाटलं तर गोणपाटावर बसून मोठ्या घसरगुंडीवरूनही या. मिडवेवरच्या, म्हणजे पाळण्यांच्या मैदानातल्या, बाकी पाळण्यांना पैसे फार जातात.

राजकीय पक्षांचे मांडवही असतात. जुनी परंपरा आहे: २ सप्टेंबर १९०१ ला उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच जत्रेत म्हणाले होते की मृदू बोला आणि हाती मोठी काठी ठेवा. बाराच दिवसांत ते राष्ट्राध्यक्ष झाले.

निघताना

कुकीजची बादली शेवटी घ्या, दिवसभर हातात वागवू नका. ती शिगोशीग भरून देतात, वरच्या चार-पाच तिथेच खाव्या लागतात. घरून एखादा डबा न्या, कारण वरच्या कुकीज काढल्याशिवाय बादलीचं झाकण बसत नाही. परतीची बस साडेआठच्या आत पकडा. मोठ्या कार्यक्रमाची गर्दी सुटली की थांब्यावर रांग लागते.

आम्हाला बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. नऊ वाजत आले होते, म्हणजे संगमनेरला सकाळचे साडेसात, डेअरीत दूध घालून यायची वेळ. मैत्रिणीने भावाला फोन लावला. वासराचं सांगितलं, मग गाईचं. चाळीस लिटर म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याने विचारलं ते मलाही ऐकू आलं: "खातात काय त्या?" मैत्रिणीने पर्समधून कागद काढला. त्या मुलीकडून तिने सगळं लिहून घेतलं होतं, किती पौंड मूरघास, किती लसूणघास, दिवसातून किती वेळा. "थांब, वही घे," ती म्हणाली, "मी सांगते, तू लिही."